आधी वर गेलेला मुलगा

हे चराचराच्या अंतर्यामी, तुला कुठल्या दारातून आत यावे लागत नाही, कारण तू कुठूनही कधी बाहेर गेलेलाच नाहीस. येणेजाणे आम्हा माणसांचे. जाताना आम्ही दार आपटतो आणि येताना कडी चाचपतो. तुझ्या दयेला उंबरठा नाही, आमच्या रागाला मात्र सात उंबरठे. आज ज्याची कथा सांगायची तो तुझा कोणी मोठा भक्त नव्हे. त्याने तुझ्यासाठी घर सोडले नाही, की तुझ्यासाठी घर धरले नाही. संगणकांच्या तारा जोडून पोट भरणारा, डोळ्यांना चष्मा आणि बोटांना कळफलक चिकटलेला, तोंडाने फटकळ आणि पोटात भित्रा असा एक संसारी माणूस. दयाघना, त्याला आधी तुझ्या पायांवर घालतो आणि मग लोकांपुढे उभा करतो.

गावात त्यांना लांबहाते म्हणतात. हे नाव दवाखान्याच्या कंपाउंडरने ठेवले. कारण असे, की लांबहात्यांचे दुकान पावाच्या भट्टीवरच्या अरुंद खोलीत. आणि तिथे खुर्चीत बसल्याबसल्या, समोरचा चहा गार होईपर्यंत, ते टेकडीपलीकडच्या शाळेतला संगणक सुधारत, नदीकाठच्या गिरणीतला सुधारत, ज्या खोल्या त्यांनी कधी पाहिल्याही नव्हत्या त्या खोल्यांतले सुधारत. "यांचे हात लांब," कंपाउंडर म्हणाला, "पाय मात्र आखूड!" लोक हसले, लांबहातेही हसले. पायांविषयीचे बोलणे जिथे लागायचे तिथे लागले, पण हसणाऱ्याला ते दाखवता येत नाही.

त्यांच्या साऱ्या यंत्रांत एक यंत्र निराळे होते. दवाखाना टेकडीच्या मागच्या अंगाला, खोलगट जागेत. तिथवर तार जात नव्हती. टेकडीच्या माथ्यावर एकच जुने दुमजली घर. त्याच्या गच्चीवर अँटेना उभी केली आणि गच्चीलगतच्या खोलीत एक छोटा संगणक बसवला. गावाकडून आलेली जोडणी त्या संगणकाने झेलायची आणि पलीकडे दवाखान्याकडे फेकायची. ते घर लांबहात्यांच्या वडिलांचे. वडील शिंपी. ज्या टेबलावर त्यांनी जन्मभर कापड बेतले, त्याच टेबलावर तो संगणक ठेवला गेला. तेव्हा वडील हयात होते आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना शब्द दिला होता, "माझ्या छपरावरून लोकांचं दुखणं जाणार असेल तर छप्पर तुमचं."

मग वडिलांचे शेवटचे आजारपण आले. मोठा मुलगा घरातच होता, तो उशाशी बसला. धाकट्याला, म्हणजे लांबहात्यांना, निरोप गेला. धाकटा तेव्हा एका पतपेढीचे बंद पडलेले यंत्र उघडून बसला होता. "एवढं लावतो आणि निघतो," म्हणाला. ते एवढे लागले, मग तेवढे लागले. धाकटा टेकडी चढून आला तेव्हा वडिलांच्या खोलीच्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या आणि बायका मागच्या बाजूला हलक्या आवाजात बोलत होत्या.

मोठा भाऊ दारातच उभा होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. "झालं का दुरुस्त?" त्याने विचारले.

"झालं," तो म्हणाला.

"मग जा, त्यांच्याकडेच जा. इथलं आता दुरुस्त व्हायचं नाही."

माणसाने अशा वेळी पाय धरावेत. पण पाय धरायला वाकावे लागते, आणि मान ताठ असली की कंबर वाकत नाही. धाकटा उलट्या पावली उतरला. वडिलांना पोचवायला गेला तो परक्यासारखा, सर्वांच्या मागून. पुढे आईचे फोन येत. "हो आई, येतो, जरा काम आहे," हे वाक्य इतक्यांदा बोलले गेले की त्याची धार गेली. मग फोनही गेले. लांबहात्यांच्या केसांत पांढरे आले, त्यांची मुलगी शिकून परगावी गेली, आणि ते त्या घराच्या पायरीवर चढले नाहीत ते नाहीतच.

पण नवल पाहा! पाय गेले नाहीत, तरी हात रोज जात होते. रोज सकाळी दुकान उघडले की लांबहाते आधी त्या गच्चीवरच्या यंत्रात शिरत आणि त्याची तब्येत विचारत. यंत्र सांगे, काल दुपारी वीज गेली होती. यंत्र सांगे, माझ्या अंगात आज इतकी ऊब आहे. त्या घरात वीज कधी येते, कधी जाते, वरची खोली किती तापते, हे लांबहात्यांना भावापेक्षा नेमके ठाऊक होते. एक गोष्ट मात्र त्यांना सलत असे. दर थंडीत, सारे जग गारठले असता, त्या यंत्राचे अंग तापू लागे. पंखा घरघरत असल्याचे इथे दुकानात कळे. कोणीतरी त्याचा श्वास कोंडतो आहे, हे उघड होते. "दादाच," लांबहाते दात खात. "सूड उगवतोय. माणसावर उगवता येत नाही म्हणून मशीनवर." डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी दोनदा निरोप धाडला, मशीनवर काही झाकू नका. काही उपयोग झाला नाही. आणि मग अलीकडच्या काही थंड्यांत ती ऊब आपोआप थांबली. यंत्र थंडीत थंड राहू लागले. "आली अक्कल एकदाची," लांबहाते म्हणाले आणि निश्चिंत झाले.

सज्जनहो, ही ऊब लक्षात ठेवा.

आता त्या दिवसाची गोष्ट. ज्या कंपनीकडून जोडणी येई तिने आपले सारे पत्ते, म्हणजे ज्या आकड्यांनी यंत्रे एकमेकांना ओळखतात ते, बदलले होते. गच्चीवरच्या यंत्राला नवा पत्ता द्यायचा, आणि कोणाला आत घ्यायचे व कोणाला दारातूनच परतवायचे याचे नियम नव्याने लिहायचे, असे काम होते. दूर बसून यंत्राचा पत्ता बदलणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तिच्यावरच कुऱ्हाड चालवणे. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. बदल करण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचे, की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही तर सारे पहिल्यासारखे करून टाक. लांबहाते याला परतीचा दोर म्हणत. आणि दुसरी रीत अशी, की तो दोर सोडण्याआधी, पडद्यावर उघडी असलेली खिडकी तशीच ठेवून, बाहेरून नव्याने दार ठोठावून पाहायचे. कारण यंत्राचा स्वभाव मोठा भिडस्त. जो आधीच आत बसला आहे त्याला ते नव्या नियमाने उठवून लावत नाही. नवा नियम नव्याने येणाऱ्याला. त्यामुळे आत बसलेल्याला वाटत राहते, दार उघडेच आहे की! तो एकदा बाहेर पडला म्हणजे मग त्याला कळते.

ही दुसरी रीत लांबहात्यांनी कितीजणांना शिकवली होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः ती पाळली नाही. पडद्यावर यंत्र नीट उत्तरे देत होते. शिवाय हे यंत्र आपले, हे घर आपले, हे टेबल बापाचे. इथे आपल्याला कोण अडवणार, असे कुठेतरी आत वाटले असेल. त्यांनी परतीचा दोर कापला, नवे नियम कायमचे करून टाकले, खिडकी मिटली आणि चहाचा घोट घेतला. मग सहज पुन्हा आत जायला गेले.

यंत्र बोलेना.

पुन्हा ठोठावले. शांतता. चूक लांबहात्यांना तत्काळ दिसली. नव्या नियमांत त्यांनी स्वतःच्या दुकानाचा पत्ता जुनाच लिहिला होता, आणि दवाखान्याचाही. ते पत्ते आता कोणाचेच नव्हते. जे आधीपासून आत होते तेवढे टिकून राहिले. नवा कोणीही आला तरी यंत्र त्याला ओळखणार नव्हते. बंद करून चालू केले तरी ते तेच नियम वाचणार. दुरून आता काही होण्यासारखे नव्हते. त्या यंत्रापाशी जाऊन, पडदा आणि कळफलक लावून, समोर बसूनच ते उघडणार होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "लांबहाते, सकाळी चालत होतं, आता मेलं. एका बाईच्या हृदयाचा आलेख मोठ्या इस्पितळाला दाखवायचाय. बाई तशी बरी आहे, पण मला आजच्या आज त्यांचं मत हवंय. बसल्या जागेवरून करा काहीतरी."

"बसल्या जागेवरून नाही होणार, बाई."

"मग उठा!" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी येऊन लांबहाते पिशवी भरू लागले. पडदा, कळफलक, तारा, पक्कड. आणि एक नवा छोटा डबा, ज्यात मोबाइलचे सिम बसते. मुख्य वाट बंद झाली तर त्या डब्यातून दुसऱ्या वाटेने आत शिरता येते. पुन्हा अशी फजिती नको म्हणून तो घेतला. बायको दाराला टेकून पाहत होती. तिने सासूला लग्नानंतरची थोडीच वर्षे पाहिले होते, पण तेवढ्यात जीव लावला होता.

"कुठे?"

"टेकडीवर."

"इतकी वर्षं त्या घरात नुसते हात घालत होतात. आज पाय घालायची वेळ आली म्हणायची."

"टोमणे नंतर मार. दवाखाना बंद पडलाय."

"मी कुठे टोमणा मारतेय? मी तर म्हणते, असं आधीच बिघडायला हवं होतं." मग तिने आवाज उतरवला. "आईंसाठी काही नेता का?"

"मी कामाला चाललोय," लांबहाते म्हणाले. आणि तोच शब्द त्या दिवसाच्या माथ्यावर लिहिला गेला.

वहिनीला फोन करून ठेवला होता. तीच दारात आली. हाताला पीठ, केस विसकटलेले. "या भाऊजी," ती म्हणाली, जणू ते काल येऊन गेले होते. तिच्या मागे दादा उभा होता. दादा म्हातारा झाला होता. वडिलांचे नाक, वडिलांची पाठ, वडिलांसारखाच एका खांद्यावर टाकलेला टॉवेल. लांबहात्यांना क्षणभर वडीलच उभे आहेत असे वाटले.

"मशीन बिघडलं?" दादाने विचारले.

"हो."

"तरीच." तो बाजूला झाला. "वर जा. बाहेरचा लोखंडी जिना सडला म्हणून काढून टाकला. आता आईच्या खोलीतून आहे वाट. ती जागी आहे. उगाच घोळ घालू नकोस."

आईच्या खोलीत मंद उजेड होता. खिडकीपाशी पलंग, पलंगावर एक एवढीशी आकृती, मांडीवर उशीचा अभ्रा. बोटे त्याच्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा फिरत होती, जशी कधीकाळी कापडावर फिरत. डोळे दाराकडे वळले, पण त्यांनी काही पाहिले नाही.

"कोण आहे रे?" तिने विचारले.

देवा, तो एक क्षण! त्या एका क्षणात माणूस तरतो किंवा बुडतो. लांबहात्यांच्या घशापर्यंत 'मी' आला. पण मागे दादा उभा होता, हातात जड पिशवी होती, दवाखान्यात बाई वाट पाहत होती, आणि तोंड उघडले तर जे सुरू होईल ते लवकर संपणार नव्हते. दादाच बोलला. "वायरवाला आहे, आई. वरचं मशीन बघायला आलाय."

"बरं बरं. जाऊ दे त्याला. पायरी उंच आहे म्हणावं, डोकं सांभाळ."

लांबहाते तिच्या पलंगाला वळसा घालून जिना चढून गेले. आधी एवढे लावू, मग खाली येऊन बोलू, असे त्यांनी मनाशी म्हटले. एवढे लावू. तेच शब्द, बापाच्या वेळचे.

वरच्या खोलीत टेबल तसेच होते. काठावर कात्रीच्या जुन्या खुणा. मध्ये तो संगणक, पुसूनपासून स्वच्छ. लांबहात्यांनी पडदा जोडला, कळफलक जोडला. दुरून ज्याने ओळखही दाखवली नव्हती, त्या यंत्राने समोर बसल्यावर मुकाट्याने आत घेतले. चुकलेले पत्ते पुसले, बरोबर लिहिले, दवाखान्याला फोन केला. "आलं, आलं!" पलीकडून कंपाउंडर ओरडला. "लांबहाते, आज तुमचे पाय लांब झाले!" काम इतके थोडे होते. सारी अडचण जिना चढून इथवर येण्याची होती.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. तेव्हा त्यांना खुंटीवर टांगलेले काहीतरी दिसले. जुन्या साड्यांचे थर लावून टाके घातलेले, बरोबर त्या संगणकाच्या मापाचे, तारांसाठी मागे नीट भोक ठेवलेले, कडांना गोट लावलेले.

"हे काय?"

"ते होय? आईंनी शिवलं." वहिनी ओशाळून हसली. "थंडी पडली की त्या जिना चढून यायच्या आणि मशीनला घालायच्या. आम्ही कितीदा सांगितलं, अहो आई, डॉक्टरीणबाईंचा निरोप आलाय, झाकायचं नाही. तर म्हणायच्या, धाकट्याचं आहे ते, थंडीत उघडं कसं ठेवू? ह्यांनी दिवसा काढावं, तर त्या पहाटे परत घालायच्या."

लांबहात्यांनी गोटावरून बोट फिरवले. "आणि मग... मग थांबल्या?"

"मग डोळे गेले. आता जिना चढवत नाही. आठवणही राहिली नाही पुरती. पण भाऊजी, डोळे गेल्याचा निरोप तर मी डॉक्टरीणबाईंकडून धाडला होता तुम्हाला."

आला होता निरोप. त्यांनी बाईंनाच उलट विचारले होते, चांगला डोळ्यांचा डॉक्टर सांगा म्हणून. नाव, पत्ता सारे वहिनीला पोचते केले होते, आणि आपले कर्तव्य झाले असे मानले होते.

अरे माणसा! टेकडीवरून ऊब येत होती. दरवर्षी, थंडीच्या थंडीला, तारेवाटे तुझ्यापर्यंत येत होती. आणि तू तिला सूड म्हणालास. मग ती ऊब थांबली, म्हातारीचे गुडघे थांबले, डोळे विझले. आणि तू म्हणालास, अक्कल आली. आकडा तुला बरोबर दिसला. आकड्यामागची आई दिसली नाही.

ते धडपडत खाली आले. पलंगापाशी गुडघे टेकले आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आई, मी आहे. तुझा धाकटा."

म्हातारीने हात काढून घेतला नाही. तिने तो चाचपून पाहिला, बोटे मोजल्यासारखी. मग ती हसली, लहान पोराच्या थापेला हसावे तशी.

"चेष्टा करता का म्हातारीची? तुम्ही वायरवाले. आत्ता वर गेलात ना माझ्या समोरून?"

"गेलो आई, पण..."

"माझा धाकटा आला असता तर आधी माझ्यापाशी बसला असता. मग वर गेला असता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नुसते समजावत होती. "तो हट्टी आहे, तिरसट आहे, पण इतका वाईट नाहीये हो. आईला ओलांडून मशीनकडे जायचा नाही तो."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा खिडकीबाहेर पाहत होता.

"आवाज मात्र त्याच्यासारखा आहे हं तुमचा," ती पुढे म्हणाली. "घसा जरा बसलाय. गार पाणी पिऊ नका."

लांबहाते पुन्हा सांगू लागले. लहानपणी पडल्याची खूण सांगितली, तिने शिवलेला निळा सदरा सांगितला. जितके सांगावे तितकी ती घाबरी होऊ लागली. "याला हे कोणी सांगितलं? अरे, हा काय काय विचारून आलाय? घरातलं सगळं कसं ठाऊक याला?" ती पलंगावर मागे सरकू लागली तसा दादा पुढे झाला आणि त्याने धाकट्याला दंडाला धरून उठवले. धरणे कडक होते, पण ओढणे नव्हते.

"पुरे. रात्रभर जागी राहील आता. बसायला मला लागतं, तुला नाही."

लांबहाते वर गेले ते पिशवी आवरायला. पिशवीत तो नवा डबा होता. हा बसवला की दुसरी वाट होणार. पुन्हा कधी पत्ता चुकला, नियम चुकले, तरी बसल्या जागेवरून आत जाता येणार. म्हणजेच या घरात येण्याचे उरलेसुरले कारणही आपल्या हाताने मिटवायचे. ते बराच वेळ तो डबा हातात धरून उभे राहिले. डबा पिशवीतच राहू द्यावा, एखाद्या दिवशी पुन्हा बिघडेल, पुन्हा यावे लागेल, असा मोह त्यांना झाला. पण दवाखान्यातल्या बाईचे हृदय काही त्यांच्या येण्याजाण्यासाठी नव्हते. त्यांनी डबा बसवला. सिम घातले. दुकानाच्या वाटेने एकदा आणि डब्याच्या वाटेने एकदा, नव्याने दार ठोठावून पाहिले. आता कुठे त्यांना आपलीच रीत आठवली. दोन्ही दारे उघडली. आईने शिवलेली ती गोधडी त्यांनी खुंटीवरून काढून उराशी धरली, आणि परत तिथेच टांगली.

दारात दादाने विचारले, "आता परत यायला नको ना?"

"नको. दुरून होईल सगळं."

"छान," दादा म्हणाला. त्या एका शब्दात त्याने इतक्या वर्षांचे सारे घातले.

पुढचे काही दिवस ते दुकानात जात, गच्चीवरच्या यंत्रात शिरत, ऊब पाहत. यंत्र थंड होते. थंडी तर पडली होती.

मग एका दुपारी ते पिशवी घेऊन निघाले. पिशवीत पक्कड होती, तारांचे एक वेटोळे होते, आणि दुरुस्त करायचे काहीही नव्हते.

दादानेच दार उघडले. पिशवीकडे पाहिले. "मशीन बंद पडलं?"

"नाही."

"मग?"

याला उत्तर होते, पण ते इतके उशिराचे होते की तोंडातून काढताना लाज वाटावी. "दादा, मला तिच्यापाशी बसू दे," लांबहाते शेवटी म्हणाले. "रोज नाही म्हणत. तू म्हणशील तेव्हा."

दादा दाराची कड धरून उभा राहिला. त्याचा चेहरा हलला नाही, पण बोलला तेव्हा आवाज चिरका निघाला. "मी रोज सांगायचो तिला, येईल, उद्या येईल. तुझ्या वतीने खोटं मी बोललो, वर्षानुवर्षं. मग तिला उद्या म्हणजे काय तेच कळेनासं झालं, आणि मी सुटलो. आता तू मुलगा म्हणून आत जाणार. ती घाबरणार. किंवा एखाद्या दिवशी ओळखणार, आणि मग विचारणार, इतके दिवस कुठे होतास. ते कोण सांगणार? तू?"

लांबहात्यांनी पिशवीचे तोंड हाताने मिटून घेतले.

"मुलगा म्हणून या घरात तुला वाट नाही," दादा म्हणाला. "ते दार मी नाही लावलं. पण वायरवाला आला तर मी वायरवाल्याला अडवत नाही. बापाने शब्द दिलाय."

आतून आवाज आला, "कोण आलंय रे?"

दादा धाकट्याकडे पाहत राहिला. धाकट्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग त्याने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने, ऐकू जाईल असे सांगितले, "वायरवाला आहे, आजी."

आईला आजी म्हणावे लागले तेव्हा त्या जिभेवर काय गुदरले असेल, ते त्या अंतर्यामीलाच ठाऊक.

"अगबाई! तेच का ते, माझ्या धाकट्याच्या आवाजाचे? आत येऊ दे त्यांना. बसा हो. आज वर जायची घाई नाही ना?"

"नाही, आजी. आज आधी तुमच्यापाशीच बसतो."

आणि ते बसले. अजूनही जातात. प्रत्येक वेळी पिशवी नेतात, कारण पिशवीशिवाय त्यांना त्या घरात नाव नाही. वहिनी चहा देते. दादा त्यांच्याशी बोलत नाही, पण खुर्ची पलंगाजवळ आधीच ओढून ठेवलेली असते. आई वायरवाल्याला आपल्या धाकट्याची गाऱ्हाणी सांगते. तो कसा हुशार होता, कसा हट्टी होता, निळ्या सदऱ्यासाठी कसा रडला होता. आणि मग दर वेळी शेवटी विचारते, "तुम्ही तर गावभर फिरता. भेटला कुठे तर सांगाल का त्याला? म्हणावं, आई रागावलेली नाही. नुसतं येऊन जा."

"सांगतो, आजी," वायरवाला म्हणतो.

हे दयाघना, यंत्राला चुकलेला नियम पुसून नवा लिहिता येतो. आम्हाला गेलेला दिवस पुसता येत नाही. या तुझ्या लेकराला परक्याच्या नावाने का होईना, आईच्या पलंगापाशी जागा मिळाली, ती त्याची जागा तू मोडू नकोस. त्या माउलीच्या रात्री शांत जावोत. तिच्या अंगावर पांघरूण घालणाऱ्या त्या मोठ्या भावाच्या कडू जिभेला आणि गोड हातांना बळ दे. ज्या वहिनीने काल आल्यासारखे 'या भाऊजी' म्हटले, तिच्या चुलीला कधी उणे पडू नये. भट्टीवरच्या खोलीत आणि टेकडीवरच्या घरात दोन्हीकडे दिवा लागो. आणि एखाद्या पहाटे, एका श्वासापुरती जरी त्या आईची नजर आतून उजळली, तर त्या वेळी, देवा, तो वायरवाला पलंगापाशी असू दे. वरच्या खोलीत नको.